एक्केचाळीस नंबरची चकती

तिसरीत असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, तुमच्या घरात कोण काय काम करतं. मी उठून सांगितलं की माझी मावशी लढाईत पिस्तुलं तपासायची. वर्गाने आ वासला. दुसऱ्या दिवशी आईला शाळेची चिठ्ठी आली, मुलीला थापा मारायची सवय लागली आहे, वेळीच लक्ष द्यावे. आई ती वाचून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिने ती मावशीपुढे धरली. मावशी हसली नाही. तिने चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाली, "खरं तेच सांगितलंय पोरीने. नीट तपासायची, असं नाही ना म्हणाली?"

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. आता कळतं, कारण या गोष्टीचे तुकडे मी तिघांकडून गोळा केले आहेत: आईकडून, मावशीकडून, आणि म्हातारपणी आमच्याकडे येऊन तासन्‌तास बसून राहणाऱ्या, मावशीच्या कारखान्यातल्या मिस्त्रींकडून. मामाने मला जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. तेही येईलच पुढे.

आधी ते पिस्तूल काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हीही शाळेतल्या बाईंसारखं करणार नाही. लढाईच्या दिवसांत मालाच्या जहाजांचा तांडा निघाला की त्याच्या राखणीला छोटी लढाऊ जहाजं जायची, कारण समुद्राखाली शत्रूच्या पाणबुड्या टपलेल्या असत. राखणीच्या जहाजांच्या मागच्या टोकाला, रुळांवर, दारूने भरलेली लोखंडी पिंपं ओळीने लावलेली असायची. त्यांना डेप्थ चार्ज म्हणत. शिट्टी झाली की पिंप घरंगळत पाण्यात पडायचं, बुडत जायचं आणि ठरलेल्या खोलीवर फुटायचं. आता खोल किती गेलो हे पिंपाला कळणार कसं? तर त्याच्या पोटात एक पितळी नळकांडं बसवलेलं असे. पाणी खोल होत जातं तसा दाब वाढतो. त्या दाबाने नळकांड्यातली स्प्रिंग दबत जायची, आणि ठरलेला दाब आला की एक जाड टोचा टक्‌ करून पुढे उसळायचा. टोचा उसळला की पिंप फुटलं. या नळकांड्याला कारखान्यात पिस्तूल म्हणत. का म्हणत, असं मी एकदा मावशीला विचारलं, तर म्हणाली, ज्यांनी नाव ठेवलं त्यांना विचार, माझ्याकडे फक्त वाजतंय का ते बघायचं काम होतं.

वाजतंय का ते बघायचं काम असं होतं. एक जाड बिडाचा हंडा, पाण्याने भरलेला. त्यात नुसतं पिस्तूल ठेवायचं, दारू नाही काही नाही. झाकण चार नटांनी आवळायचं. मग पायाने पंप मारत राहायचं, म्हणजे हंड्यातला दाब वाढतो आणि वरच्या तबकडीवरचा काटा सरकतो. तबकडीवर दोन लाल रेघा होत्या. काटा त्या दोन रेघांच्या मधे असताना आत टक्‌ झालं तर पिस्तूल पास. रेघांच्या पुढे जाऊन वाजलं तर पाणबुडी निसटणार. आणि रेघांच्या आधीच वाजलं तर त्याहून वाईट, कारण मग पिंप आपल्याच जहाजाच्या शेपटीखाली फुटणार. पास झालेल्या पिस्तुलाची स्प्रिंग पुन्हा चढवायची आणि त्याला तारेने एक पितळी चकती बांधायची. चकतीवर तपासणाऱ्या बाईचा नंबर ठोकलेला असे. मावशीचा नंबर एक्केचाळीस. कारखान्यात तिला त्याच नावाने हाक मारत.

त्या गदारोळात टक्‌ ऐकू येणार कसं, असं वाटेल. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला पत्र्याला रिबिटी ठोकणारे. म्हणून प्रत्येक बाईकडे हातभर लांबीची एक लाकडी दांडी असायची. दांडीचं एक टोक हंड्यावर टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. आवाज लाकडातून चढत यायचा. मावशी म्हणायची, पहिल्या वर्षी तो इतका स्वच्छ यायचा की कोणीतरी डोक्यातच टिचकी मारतंय असं वाटे.

बाकी बोलणं सगळं ओठांवर. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी आवाज न काढता गप्पा मारायची, तोंड नुसतं हलवून. दोन महिन्यांत नवी बाईसुद्धा ओठ वाचायला शिकायची, नाहीतर तिला दिवसभर कोणाशी बोलताच यायचं नाही. मिस्त्री समोर उभे असताना त्यांच्या तोंडावर त्यांच्याविषयी काय काय बोललं जायचं ते मावशीने मला मोठी झाल्यावर सांगितलं. मिस्त्रींना पत्ता नव्हता, कारण ते बिचारे नेहमी तबकडीकडे बघत असायचे.

घरात ती, माझी आई आणि मामा. त्यांचे आईवडील लवकर गेले होते. मावशी सगळ्यांत मोठी. मामा तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला तिनेच वाढवला, न्हाऊमाखू घातलं, रागावली, शाळेत नेऊन बसवला. लढाई लागली तेव्हा तो एकोणीसचा होता आणि त्याची नेमणूक राखणीच्या एका जहाजावर, नेमकी मागच्या टोकाला, पिंपांपाशी झाली. माझे बाबा दुसऱ्याच आघाडीवर होते. मागे राहिल्या दोघी बहिणी, दोन खोल्या, आणि थोड्याच दिवसांत मी.

त्या काळाविषयी आईला काहीही विचारा, ती एकच सांगते, आम्ही दमलो होतो. काय खायचात? आठवत नाही, दमलेलो असायचो. भीती वाटायची का? भीती वाटायला अंगात थोडं त्राण लागतं. मावशी कामावरून आली की चपलांसकट पलंगावर आडवी व्हायची आणि आई तिच्या पायातल्या चपला काढून ठेवायची. आडवं व्हायच्या आधी ती एकच काम करायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे कान देऊन उभी राहायची, "बंद पडलंय हे," असं म्हणायची आणि त्याला चावी द्यायची. रोज. शेवटी त्या घड्याळाची स्प्रिंग तुटली. घड्याळजीने ते उघडून बघितलं आणि म्हणाला, घड्याळ ठणठणीत होतं हो, चावी देणाऱ्याला काहीतरी झालंय. आईने हा विनोद घरी येऊन सांगितला, दोघी हसल्या आणि विषय संपला. मला त्या दोघींचा आजही राग येतो. पण मग मी स्वतःलाच विचारते, त्या घरात नीट विचार करायला जागं कोण होतं?

मामाची पत्रं यायची. पत्रात मोजे मागितलेले असायचे. सहा तास काम, सहा तास झोप, पुन्हा सहा तास काम, आणि ओले मोजे कधी वाळतच नाहीत. पिंप फुटलं की मेलेले मासे तरंगून वर येतात, ते जाळ्याने उपसून खातो, आता माशाचा वास आला तरी पोटात ढवळतं, असं एकदा लिहिलं होतं. पाणबुडी बुडवल्याचं त्याने कधी लिहिलं नाही. बुडाली का नाही ते कळतच नाही, पाणी पुन्हा सपाट होतं आणि आपण पुढे जातो, एवढंच लिहिलं होतं.

एकदा सलग दोन पाळ्या झाल्या. बदलीची बाई आली नाही आणि बंदरातून निरोप आला की माल आजच्या आज हवा. मावशी आदल्या संध्याकाळपासून हंड्यापाशी उभी होती, दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजत आले होते. खिडकीतून ऊन येऊन तिच्या पायांवर पडलं होतं आणि त्या उबेने तिला उभ्या उभ्या डुलकी लागत होती. शेवटच्या पेटीत चोवीस पिस्तुलं जायची होती. अठरा झाली होती. पेटीवाला हातोडा घेऊन झाकण ठोकायला उभाच होता. तिने उरलेली सहा पिस्तुलं उचलली, एकेकाला चकती बांधली आणि पेटीत ठेवली. हंड्यात घातलीच नाहीत. मला ती म्हणाली, मी असं करायचं ठरवलं नव्हतं ग, हातांनीच केलं, मी बघत होते.

मग ती घरी येऊन सोळा तास झोपली. उठल्यावर तिला ते आठवलं, आणि तिने ते कोणाला सांगितलं नाही. का सांगायचं? शंभरातली नव्व्याण्णव पिस्तुलं चांगलीच निघायची. शिवाय शेडच्या दारावर पाटी होती, कामात हयगय करणाऱ्याला तुरुंग. शेजारच्या शेडमधली एक बाई गेलीही होती.

आठ दिवसांनी मामाचं पत्र आलं. त्यात मोज्यांनंतर लिहिलं होतं: "ताई, नवा माल चढला त्यात तुझ्या नंबरच्या चकत्या सापडल्या. आता एक्केचाळीस दिसला की तो मी रांगेत सगळ्यांत पुढे लावतो. पहिला आमच्या ताईचा. बाकीचे हसायचे, आता तेसुद्धा शोधून आणून देतात."

मावशीने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ती जेवली नाही. आईने विचारलं तर म्हणाली, दमलेय. त्या घरात हे उत्तर सगळ्याला चालायचं, म्हणून आईनेही पुढे विचारलं नाही. त्याच्या जहाजावर चढलेल्या चकत्या आधीच्या मालातल्या होत्या, तिने कानाने तपासलेल्या, त्यांची तिला काळजी नव्हती. काळजी त्या सहांची होती. माल आमच्या बंदराच्या गोदामात पंधरा दिवस पडून मग जहाजांवर जायचा. म्हणजे आठ दिवस गेले होते, सात उरले होते. ती सहा पिस्तुलं कोणत्या जहाजावर जातील सांगता येत नव्हतं, पण ज्या जहाजावर तिचा भाऊ होता तिथे ती सगळ्यांत पुढे लागणार हे नक्की होतं. आणि त्यांच्यातलं एखादं लाल रेघेच्या आधी फुटणारं असलं, तर ते फुटेल तेव्हा तो त्याच्यावरच उभा असणार.

दोन दिवस तिने काढले. तिसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ती मिस्त्रींपुढे जाऊन उभी राहिली.

मिस्त्री भरभक्कम गृहस्थ. पाय सुजायचे म्हणून बूट सोडून कापडी सपाता घालून हिंडायचे. त्यांनीच मला हे सांगितलं. म्हणाले, मी भाजी चिवडत बसलो होतो आणि ही येऊन म्हणते, मला तुरुंगात घाला. मी म्हटलं, आधी बस. मग तिने सांगितलं. मी विचारलं, किती? म्हणाली, सहा. मला राग यायला पाहिजे होता, पण मी स्वतः चार दिवसांपूर्वी वहीवर डोकं टेकून झोपलो होतो आणि तेवढ्या वेळात काय काय पास होऊन गेलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. मी तिला बोललो नाही. डबा बंद केला आणि गाडी घेऊन गोदामात गेलो.

पेटी मिळाली. ती परत शेडमध्ये आणून फोडली. चकतीबरोबर त्या दिवशीची तारीख असायची, पण सहा कोणती आणि अठरा कोणती हे ओळखायला काही खूण नव्हती. मावशी म्हणाली, शेवटची सहा वरच्या थरात ठेवली होती. मिस्त्री म्हणाले, वरून सुरुवात करू आणि चोवीसच्या चोवीस बघू. त्यांनी आपली दांडी आणली. एकाच हंड्यावर दोन दांड्या टेकल्या, एक तिच्या कानामागे, एक त्यांच्या. मावशीचा पाय पंपावर.

पहिलं पिस्तूल लाल रेघांत वाजलं. दुसरं वाजलं. तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक वेळी मिस्त्री हात वर करायचे आणि मावशी "वाजलं" म्हणायची. सहावंही चांगलं निघालं. मावशी सांगायची, सहावं झाल्यावर मी हंड्याला धरून राहिले. न तपासता चकती बांधलेली सहाच्या सहा पिस्तुलं चांगली होती. तिथे ती गोष्ट संपली असती तर ती आमच्या घरात दर वर्षी हसत हसत सांगितली गेली असती.

"उरलेली राहू देत," असं ती म्हणाली. ती तर तिने नीट तपासलेली होती. पण मिस्त्री हट्टी होते, चोवीस म्हणजे चोवीस.

पंधराव्या पिस्तुलाला काटा लाल रेघांच्या निम्म्या वाटेवर आला असेल नसेल, मिस्त्रींनी हात वर केला. मावशीचा पाय चालूच राहिला. काटा वर चढत गेला, पहिली लाल रेघ ओलांडली, आणि मावशी म्हणाली, "वाजलं." आणि चकती बांधायला तार उचलली.

मिस्त्रींनी झाकण उघडलं, तेच पिस्तूल पुन्हा चढवलं, पुन्हा हंड्यात घातलं. पुन्हा निम्म्यावर त्यांना टक्‌ ऐकू आलं. या वेळी त्यांनी हात वर केला नाही. मावशी पंप मारत राहिली, काटा रेघांत आला, ती म्हणाली, "वाजलं." अगदी खात्रीने म्हणाली, असं मिस्त्री सांगायचे. खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाजल्यासारखं वाटत होतं, कारण तिथे ते वाजायचं असतं.

मग मिस्त्री उठले, हात हलवून त्यांनी शेडमधली यंत्रं थांबवायला लावली, आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीपाशी जाऊन ते काहीतरी बोलले. मावशी पंपावर पाय ठेवून, ते काय सांगतात याची वाट बघत उभी राहिली. ते मागे वळले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय झालं, मिस्त्री?" तिने विचारलं.

"म्हटलं, पुरे झालं आता. घरी जा."

हे तिने त्यांच्या ओठांवरून वाचलं, आणि आपण वाचलं हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कित्येक महिने ती लोकांचं बोलणं ऐकत नव्हती, बघत होती. त्या शेडमध्ये सगळ्याच बघायच्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. रिबिटींनी तिचा कान थोडा थोडा खाल्ला होता, आणि बारीक, टोकदार आवाज सगळ्यांत आधी गेले होते. घड्याळाची टिकटिक. आणि ते टक्‌.

किती महिने, हे कोणालाच सांगता येईना. कानाचे डॉक्टर म्हणाले, सहाही असतील, दहाही. म्हणजे एक्केचाळीस नंबरच्या दोन हजार चकत्या, बंदरोबंदरी, जहाजांवर. सगळीकडे हुकूम सुटला, एक्केचाळीस नंबर वापरू नये, काढून परत पाठवावा. मिस्त्रींनी अहवालात लिहिलं की बाईने स्वतः येऊन सांगितलं म्हणून हे उघडकीला आलं, आणि कान कामावर असताना गेले आहेत. तिला तुरुंग झाला नाही. तिला पिस्तुलं मेणकागदात गुंडाळायला बसवलं. कोणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. मावशी म्हणायची, बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मामाच्या जहाजाला तो हुकूम समुद्रात मिळाला, का बंदराला लागल्यावर, का मिळालाच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. सहा आठवडे पत्र नाही. आई सांगते, ताई त्या सहा आठवड्यांत रोज जेवली, रोज कामाला गेली, आणि मी तिला एकदाही रडताना बघितलं नाही, पण रोज दारातून आत आली की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवायची, मग ती चपला काढायची.

मग परक्या अक्षरातलं पत्र आलं, इस्पितळातून. मामा शिडीवरून घसरला होता, पाय मोडला होता, जीव ठीक होता. आणि आणखी दोन महिन्यांनी तो स्वतः आला, काठी टेकत, डावी टाच जमिनीवर न टेकवता. मावशीने दार उघडलं. तिच्या कानांचं आईने त्याला पत्रातून कळवलं होतं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "हुकूम वेळेवर आला, ताई. अकरा निघाले, सगळे काढून ठेवले. त्याआधी जे टाकले ते सगळे बरोब्बर फुटले. एकही वाईट नव्हता." आणि खिशातून एक चकती काढून तिच्या हातात दिली. मावशीने मान हलवली, चकती पदराला पुसली आणि त्याला म्हणाली, "मोजे वाळले का तुझे?"

लढाई संपली. मामा पुढे आमच्याच गल्लीत राहिला, छापखान्यात बसून करायचं काम त्याला मिळालं. टाच कधी नीट झाली नाही. शिडीची गोष्ट मी त्याच्याकडून शंभरदा ऐकली असेन. माझ्या लहानपणी ती शिडी सहा पायऱ्यांची होती, माझ्या लग्नापर्यंत चौदा पायऱ्यांची झाली होती, आणि वर तेल सांडलेलं होतं, आणि हातात गरम चहाची किटली होती. सगळे हसायचे, मावशीपण हसायची. रोज संध्याकाळी ती गरम पाण्याचं घमेलं घेऊन त्याच्याकडे जायची आणि त्याची टाच शेकायची. तो नको नको म्हणायचा आणि पाय पुढे करायचा. पावसाळी हवेत टाच फार दुखली की तिला आधी कळायचं. त्याच्या दारातून आत शिरतानाच ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणायची, आज जास्त आहे वाटतं.

घरात आम्ही सगळे मावशीच्या कानाशी ओरडून बोलायचो आणि ती ओरडू द्यायची. समोरच्या घरातली शिवणवाली, पूर्वी तिच्याच शेडमध्ये होती ती, तिच्याशी मात्र मावशी खिडकीतून, रस्ता ओलांडून, आवाज न काढता तासभर बोलायची. आम्हा मुलांना ती गंमत वाटायची. त्यापलीकडे आम्ही कोणी विचार केला नाही.

मामा गेला तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. सगळं उरकल्यावर चौथ्या दिवशी आई माझ्यापाशी येऊन बसली आणि इतक्या हळू आवाजात बोलायला लागली की मला पुढे वाकावं लागलं. म्हणाली, शिडी नव्हतीच ग. आल्यानंतरच्या आठवड्यात त्याने मला सांगितलं. पिंप पाण्यात पडलं की तो मोजायचा, बारा मोजेपर्यंत फुटायचं नाही. त्या दिवशी पहिलंच पिंप सोडलं आणि चारला फुटलं. पायाखालचं लोखंड वर आलं आणि त्याची टाच आतल्या आत फुटली. एक्केचाळीस नंबर होता, त्यानेच पुढे लावलेला. हुकूम दुसऱ्या दिवशी आला. मला शपथ घातली, ताईला कळता कामा नये. आज इतकी वर्षं मी कोणाला सांगितलं नाही.

मी आईला विचारलं, त्याने तुला हे सांगितलं तेव्हा मावशी कुठे होती?

तिथेच होती, आई म्हणाली. खिडकीपाशी बसून त्याचे मोजे रफू करत होती, आमच्याकडे तोंड करून. पण तिला ऐकू कुठे येत होतं?

आईचा चेहरा थकलेला होता आणि तिला आता काही समजावत बसायची माझीही इच्छा नव्हती.

संध्याकाळी मी मावशीला भेटायला गेले. ती मामाच्या रिकाम्या खोलीत, त्याच्या पलंगाच्या कडेला बसली होती. घमेलं भिंतीला उपडं टेकवलेलं होतं. मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी आवाज न काढता बोलले, नुसते ओठ हलवून. विचारलं, "मामाचा पाय शिडीवरून पडून मोडला?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"चारला फुटलं," ती म्हणाली. "बारापर्यंत मोजायचं असतं."

मला रडू आलं. तिला नाही आलं. मी विचारलं, तू त्याला कधी सांगितलं का नाहीस, की तुला माहीत आहे?

"कशाला? मला काही कळलेलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो सुखाने झोपायचा. माझ्यासाठी करण्यासारखं तेवढं एकच त्याच्या हातात होतं. ते मी काढून घेऊ?" मग तिने कमरेची किल्ली चाचपली. किल्लीला ती चकती अडकवलेली होती, आकडे झिजून गेलेले. "मला एवढंच वाटायचं, की एकदा माफी मागायला मिळाली असती. पण ती मागितली असती तर त्याचं सगळंच गेलं असतं. म्हणून पाय शेकत बसले."

ती उठली, घमेलं सरळ केलं आणि पुन्हा उपडं ठेवलं.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "मला माहीत आहे हे तुझ्या आईला सांगू नकोस. तिनेही फार वर्षं जपलंय ते."

घरी आले तर आई वाटच बघत होती. ताई काही म्हणाली का, तिने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दमली होती. झोपली."